तारीख माहीत नसेल तर ‘एक्स-एक्स’ लिहा: ग्रेटफुल डेडच्या टेप्स आणि आपला डेटा



पेट किंवा नेटची तयारी करणाऱ्या आणि नुकताच पीएचडीला प्रवेश घेतलेल्या बऱ्याच जणांचा एक प्रश्न असतो: ‘डेटा नीट ठेवा असं सगळे सांगतात, पण नीट ठेवणं म्हणजे नेमकं काय करायचं?’ कोर्सवर्कमध्ये यावर एखादं लेक्चर होतं, स्लाइडवर चार मुद्दे येतात आणि आपण ते विसरून जातो. मीही विसरलो होतो आणि त्याची किंमत एक अख्खा पावसाळा होती. ती गोष्ट पुढे येईलच. आधी एका रॉक बँडबद्दल बोलू, कारण हा विषय मला खऱ्या अर्थाने समजला तो त्या बँडच्या चाहत्यांकडून.

बँडचं नाव ग्रेटफुल डेड. १९६५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात सुरू झाला आणि १९९५ मध्ये गिटारवादक जेरी गार्सियाच्या निधनानंतर थांबला. या ३० वर्षांत त्यांनी २३०० पेक्षा जास्त जाहीर कार्यक्रम केले. त्यांची गाणी तुम्ही ऐकली नसतील तरी काही बिघडत नाही. आपल्याला त्यांच्या रेकॉर्डिंगशी काम आहे.

एकच गाणं, पण दर वेळी वेगळं

बहुतेक बँड स्टेजवर रेकॉर्डसारखंच वाजवायचा प्रयत्न करतात. डेडचं उलटं होतं. त्यांचं ‘डार्क स्टार’ हे गाणं १९६८ मध्ये सिंगल म्हणून आलं तेव्हा तीन मिनिटांपेक्षा कमी होतं. तेच गाणं २७ फेब्रुवारी १९६९ ला फिलमोर वेस्टमध्ये २३ मिनिटांच्या वर चाललं. ‘लाइव्ह/डेड’ या अल्बमवर आहे ते हेच. आपल्याकडे एकाच रागाची बंदिश दोन मैफलींत वेगळी फुलते, तसाच काहीसा प्रकार. म्हणून चाहत्यांना ‘गाणं’ नको होतं, त्यांना ‘त्या रात्रीचं गाणं’ हवं होतं. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक कार्यक्रम हे एक स्वतंत्र निरीक्षण होतं आणि ते पुन्हा घेता येणार नव्हतं.

साठच्या दशकातल्या टेप्स दुर्मिळ का, तेही समजून घ्या. कॉम्पॅक्ट कॅसेट १९६३ मध्ये बाजारात आली, पण सुरुवातीला ती बोलणं टिपण्यापुरतीच बरी होती. चांगलं संगीत रेकॉर्ड करायचं तर रीलवाली जड यंत्रं लागायची. ती घेऊन प्रेक्षकांत बसणार कोण? त्यामुळे १९६५ आणि १९६६ मधल्या कित्येक कार्यक्रमांचं काहीच उरलेलं नाही. जे उरलं त्याचं मोठं श्रेय आउस्ली स्टॅनली या ध्वनितंत्रज्ञाला जातं. त्याला सगळे ‘बेअर’ म्हणत. तो रोजचा कार्यक्रम टेप करायचा, तो विकण्यासाठी नव्हे, तर आपण बसवलेली ध्वनियंत्रणा हॉलमध्ये कशी वाजली हे नंतर ऐकून तपासण्यासाठी. या टेप्सना तो ‘सॉनिक जर्नल्स’, म्हणजे ध्वनीची रोजनिशी म्हणायचा.

म्हणजे आज ज्यांना आपण ठेवा म्हणतो, त्या मुळात एका माणसाच्या लॅबबुकातल्या नोंदी होत्या! याच बेअरच्या संग्रहात उस्ताद अली अकबर खाँ, इंद्रनील भट्टाचार्य आणि तेव्हा अवघे १९ वर्षांचे असलेले झाकीर हुसेन यांची २९ मे १९७० ची सॅन फ्रान्सिस्कोतली मैफल होती. ती २०२० मध्ये, ५० वर्षांनी प्रसिद्ध झाली. कोणती नोंद पुढे कुणाच्या कामी येईल हे नोंद करताना कळत नसतं.

टेपची वंशावळ

सत्तरच्या दशकात बरी पोर्टेबल यंत्रं आली आणि प्रेक्षकच रेकॉर्डिंग करू लागले. बँडने त्यांना अडवलं नाही. ऑक्टोबर १९८४ पासून तर हॉलमध्ये टेप करणाऱ्यांसाठी वेगळी जागाच ठेवली गेली. या टेप्स विकायच्या नाहीत, फक्त एकमेकांना द्यायच्या, हा अलिखित नियम. अशी देवाणघेवाण सुरू झाली आणि लगेच एक अडचण उभी राहिली: हातात आलेली टेप कितव्या कॉपीची कॉपी आहे?

याचं साधं गणित करू. समजा मूळ टेपवर काही एक पार्श्वगोंगाट आहे, तोच ‘सरसर’ आवाज. प्रत्येक कॉपी करताना नवी टेप जवळजवळ तेवढाच गोंगाट स्वतःकडून घालते. हे गोंगाट एकमेकांपासून स्वतंत्र असल्यामुळे त्यांच्या शक्तींची बेरीज होते. पहिल्या कॉपीत गोंगाटाची शक्ती दुप्पट, म्हणजे ३ डेसिबलने वाढली. मूळ टेपनंतर नऊ कॉप्या झाल्या तर दहापट, म्हणजे १० डेसिबल. शिवाय दर वेळी वरच्या वारंवारतेचा आवाज थोडा बोथट होतो आणि यंत्राच्या वेगातली चढउतार साचत जाते, ती वेगळीच.

यावर चाहत्यांनी उपाय काढला तो म्हणजे वंशावळ लिहिणं. टेपबरोबर एक ओळ जायची: मास्टर रील > कॅसेट > डॅट > सीडी. आवाज कुठून घेतला, साउंडबोर्डवरून की प्रेक्षकांतल्या मायक्रोफोनवरून, तेही लिहायचं. कोणता मायक्रोफोन, तो कुठे होता, कोणतं यंत्र, कॉपी कोणी केली, मधे टेप बदलताना कुठे तुटलं, सगळं. पुढे इंटरनेट आल्यावर ही माहिती प्रत्येक रेकॉर्डिंगसोबतच्या एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये जाऊ लागली.

आता तुमच्या लॅपटॉपमधलं एखादं फोल्डर उघडा. ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल खरंच’, ‘मॅडमना पाठवलेलं’. यातली कोणती फाइल कुठून तयार झाली, मधे कोणता फिल्टर लावला, हे आज सांगता येईल? सहा महिन्यांनी? कुणीही पगार न देता, केवळ आवडीपोटी काम करणाऱ्या लोकांनी जी एक ओळ लिहिली, ती आपण फेलोशिप घेऊनही लिहीत नाही.

स्वच्छ म्हणजे पूर्ण नव्हे

नवख्या माणसाला वाटतं, साउंडबोर्डवरून घेतलेलं रेकॉर्डिंग सगळ्यात चांगलं. ऐकायला ते स्वच्छ असतंच. पण साउंडबोर्डवर तेवढंच येतं जे हॉलच्या ध्वनिक्षेपकांतून वाजवायचं असतं. छोट्या हॉलमध्ये गिटारचा ॲम्प्लिफायर मुळातच एवढा मोठा वाजतो की तो ध्वनिक्षेपकातून फारसा द्यावाच लागत नाही. मग साउंडबोर्डच्या टेपवर गायकाचा आवाज पुढे आणि गिटार मागे पडलेली. प्रत्यक्ष हॉलमध्ये तसं नव्हतंच! उलट प्रेक्षकांतल्या मायक्रोफोनवर गिटार आणि हॉलची घुमार बरोबर येते, पण शेजारच्याच्या टाळ्याही येतात.

दोन साधनं, दोन वेगळे पूर्वग्रह. म्हणून जाणकार दोन्ही ठेवतात आणि कधी दोन्ही जुळवून तिसरं मिश्रण करतात. त्याला ते ‘मॅट्रिक्स’ म्हणतात. हे जुळवणं सोपं नसतं, कारण दोन यंत्रांचा वेग तंतोतंत सारखा कधीच नसतो. सुरुवात जुळली तरी पुढे दोन टेप्स हळूहळू एकमेकींपासून सरकत जातात. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या संशोधकांनी एकाच कार्यक्रमाची अनेक रेकॉर्डिंग्ज आपोआप जुळवण्यावर काम केलंय, त्यासाठी त्यांनी डेडच्याच टेप्स वापरल्या.

तुमचं उपकरण काय टिपतं एवढं माहीत असून भागत नाही. ते काय टिपत नाही, हेही वहीत लिहा.

तारीख नसलेली टेप

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. समजा एक टेप मिळाली, डब्यावर काहीच लिहिलेलं नाही. ती कधीची?

पहिली पायरी: वाजवणारे कोण आहेत ते ऐका. मिकी हार्ट हा दुसरा ड्रमर सप्टेंबर १९६७ च्या शेवटी आला. म्हणजे दोन ड्रमर ऐकू येत असतील तर टेप त्याआधीची नाही. टॉम कॉन्स्टँटन हा कीबोर्डवादक नोव्हेंबर १९६८ ते जानेवारी १९७० या काळात होता. तो ओळखू आला तर कालखंड एकदम आक्रसला. मग कोणती गाणी आहेत, ती पहिल्यांदा कधी वाजली, स्टेजवरून कोणी काय बोललं, हे बघायचं. भूगर्भशास्त्रवाले मित्र लगेच ओळखतील: थरात सापडलेल्या जीवाश्मांवरून थराचं वय दोन टोकांमध्ये पकडतात, तीच पद्धत.

दुसरी पायरी: वेग तपासा. अमेरिकेत विजेची वारंवारता ६० हर्ट्झ आहे (आपल्याकडे ५०). जुन्या रेकॉर्डिंगमध्ये मेन्सची बारीक गुणगुण बऱ्याचदा उतरते. स्पेक्ट्रममध्ये ती ६० ऐवजी ६१.८ हर्ट्झवर दिसली तर टेप ३ टक्के जलद वाजतेय. म्हणजे सूर साधारण अर्ध्या सेमीटोनने चढलेला. बॅटरीवरच्या यंत्रात सेल उतरत गेले की टेप हळू सरकते, आणि मग ती नेहमीच्या वेगाने लावली की वाजते जलद. पण थांबा! ही गुणगुण मूळ कार्यक्रमातली आहे की नंतर कुणी घरी कॉपी करताना घुसलेली? तसं असेल तर तुम्ही चुकीच्या गोष्टीवरून वेग दुरुस्त कराल. म्हणून वाद्यांच्या सुरावरूनही पडताळायचं. एका पुराव्यावर निष्कर्ष काढायचा नाही.

तिसरी पायरी सगळ्यात महत्त्वाची. एवढं करूनही तारीख ठरली नाही तर काय करायचं? चाहते तिथे १९६६-एक्स-एक्स-एक्स-एक्स असं लिहितात. वर्ष माहीत आहे, महिना आणि दिवस माहीत नाहीत. ऑनलाइन संग्रहांत अशा नावाची रेकॉर्डिंग्ज आजही दिसतील. कुणीतरी अंदाजाने एखादी तारीख ठोकून दिली असती तर यादी छान पूर्ण दिसली असती. पण एकदा छापलेली चुकीची तारीख शेकडो कॉप्यांत जाते आणि मग तिच्यावर शंका घ्यायचंही कुणाला सुचत नाही.

चुकीचं लेबल किती चिवट असतं याचं प्रसिद्ध उदाहरण दुसऱ्या कलाकाराचं आहे. बॉब डिलनचा १९६६ चा एक कार्यक्रम वर्षानुवर्षं ‘रॉयल अल्बर्ट हॉल’ या नावाने चोरून विकला जात होता. प्रत्यक्षात तो १७ मे १९६६ चा, मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमधला. १९९८ मध्ये तो अधिकृतपणे निघाला, तेव्हाही लोकांना ओळखू यावा म्हणून ते चुकीचं नाव अवतरणचिन्हांत ठेवावं लागलं!

माझा पावसाळा

मी बेडकांच्या आवाजांवर काम करतो. पहिल्या वर्षी जुलैत आंबोलीच्या परिसरात रात्री फिरून मी ४१ रेकॉर्डिंग्ज केली. तारीख, वेळ, जागा सगळं लिहिलं. पावसात वही भिजत होती, थर्मामीटर बॅगेत खाली होता, म्हणून ‘तापमान नंतर बघू’ म्हटलं. बेडकाचं शरीर बाहेरच्या तापमानाबरोबर बदलतं, त्यामुळे त्याच्या आवाजातल्या ठोक्यांचा वेगही तापमानाबरोबर बदलतो. हे मला पाठ होतं. परीक्षेत लिहिलंही होतं.

पुढे दोन जागांच्या आवाजांत स्पष्ट फरक दिसला. मी खूश. प्रगती अहवालाच्या बैठकीत पहिलाच प्रश्न आला: हा फरक बेडकांचा की त्या रात्रीच्या थंडीचा? माझ्याकडे उत्तर नव्हतं. एका मित्राने सुचवलं, जवळच्या हवामान केंद्राचे आकडे टाक. ओढ्याकाठचं तापमान आणि केंद्राचं तापमान यांत काही अंशांचा फरक सहज पडतो आणि मला नेमका तेवढाच फरक मोजायचा होता. सारणीत तो रकाना भरून दिसला असता, इतकंच. शेवटी मी त्या रकान्यात ‘नोंद नाही’ लिहिलं आणि गाईड मॅडमना सांगितलं की या प्रश्नासाठी ही ४१ रेकॉर्डिंग्ज वापरता येणार नाहीत. त्या फक्त म्हणाल्या, ‘मग पुढच्या पावसाळ्यात.’ फेलोशिपच्या पाच वर्षांतलं एक वर्ष असं गेलं.

डेडच्या चाहत्यांचं ते ‘एक्स-एक्स’ मी त्यानंतर पाहिलं. आधी पाहिलं असतं तर थर्मामीटर बॅगेत वर ठेवला असता की नाही, सांगता येत नाही. पण रिकामा रकाना लपवायचा विचार मनात आला होता, त्याची लाज मात्र तेव्हा जास्त वाटली.

जपलं म्हणून उपयोगी पडलं

डिजिटल काळात या चाहत्यांनी आणखी दोन सवयी लावून घेतल्या. एक, देवाणघेवाणीत एमपी३ नको. एमपी३ बनवताना ऐकू न येणारा भाग टाकून दिला जातो आणि तो परत मिळत नाही. कुणी अशी फाइल पुन्हा मोठी करून खपवली तर स्पेक्ट्रम काढून पकडतात. १२८ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये साधारण १६ किलोहर्ट्झच्या वर आवाज कापलेला दिसतो. म्हणून फ्लॅकसारखं फॉरमॅट, ज्यात जागा वाचते पण एकही बिट हरवत नाही. दोन, प्रत्येक फाइलसोबत चेकसम. एमडी५ हा फाइलवरून काढलेला ३२ अक्षरांचा ठसा. फाइलमध्ये एक बिट बदलला तरी ठसा बदलतो. म्हणजे दहाव्या माणसाकडची कॉपी पहिल्यासारखीच आहे हे कुणावरही विश्वास न ठेवता तपासता येतं.

याचा उपयोग काय झाला? कॅनडाच्या जॉन ऑस्वाल्डने १९६८ ते १९९३ मधल्या शंभराहून जास्त ‘डार्क स्टार’ एकत्र रचून ‘ग्रेफोल्डेड’ नावाची एक सलग कृती केली. डिक लॅट्व्हाला हा टेप जमवणारा चाहता पुढे बँडच्याच संग्रहाचा सांभाळणारा झाला आणि १९९३ पासून त्याने निवडलेले कार्यक्रम अधिकृतपणे निघू लागले. कोणत्या गाण्यानंतर कोणतं गाणं आलं या नोंदींचा ग्राफ आज अपाचे टिंकरपॉप या ग्राफ-संगणनाच्या सॉफ्टवेअरसोबत सरावासाठी मिळतो. त्यात ८०८ बिंदू आणि ८०४९ जोडण्या आहेत. संगणकशास्त्राचा विद्यार्थी त्यावर क्वेरी लिहायला शिकतो. नोंदी करणाऱ्या चाहत्यांच्या हे स्वप्नातही नसेल.

आणि उलट बाजूही बघा. बेटी कँटर-जॅक्सन या ध्वनितंत्रज्ञ बाईंनी केलेली सत्तरच्या दशकातली अप्रतिम रेकॉर्डिंग्ज भाड्याच्या गोदामात होती. भाडं थकलं आणि १९८६ मध्ये त्या टेप्सचा लिलाव झाला. त्यातलंच ८ मे १९७७ चं कॉर्नेल विद्यापीठातलं रेकॉर्डिंग चाहत्यांच्या कॉप्यांमुळे जगभर पोचलं होतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीसाठी त्याची निवडही झाली. पण मूळ टेपवरून अधिकृत अल्बम निघायला २०१७ उजाडलं. तुमचा एकमेव डेटा एकाच हार्ड डिस्कवर, एकाच कपाटात असेल तर हे गोदाम आठवा.

उद्यापासून काय करायचं?

१. मूळ फाइल कधीही बदलू नका. ती वेगळ्या फोल्डरमध्ये, ‘फक्त वाचा’ करून ठेवा. सगळं काम कॉपीवर.

२. प्रत्येक फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल: कोणी, कधी, कुठे, कोणत्या उपकरणाने, कोणत्या सेटिंगवर. आणि वंशावळीची एक ओळ: मूळ > काय केलं > काय मिळालं.

३. फाइलच्या नावात तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहा, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते.

४. चेकसम काढून ठेवा आणि किमान दोन वेगळ्या जागी कॉपी ठेवा.

५. जे नोंदवलं नाही तिथे ‘नोंद नाही’ लिहा. शून्य नको, सरासरी नको, अंदाज नको.

पहिले चार मुद्दे तुम्ही एका दुपारी पूर्ण कराल. पाचवा अवघड आहे, कारण तो करताना कुणी बघत नसतं आणि रकाना भरायला एक मिनिटही लागत नाही. पण चार वर्षांनी व्हायव्हाला समोरचा माणूस बोट ठेवतो ते नेमकं त्याच रकान्यावर. तेव्हा ‘नोंद नाही, म्हणून हा भाग विश्लेषणात घेतलेला नाही’ असं सांगता आलं पाहिजे.

यंदा थर्मामीटर मी दोरीने गळ्यात अडकवलाय. मित्र हसतात. हसू देत.